अर्धशिशी

जूनमध्ये आमच्या गावात रात्र होत नाही.
नकाशावर वर, अगदी वर, बोट जिथे अडतं
तिथल्या या लाल लाकडी घरांवरून
सूर्य हलतच नाही,
आणि पर्यटक मध्यरात्री फोटो काढत हिंडतात.
आई तेव्हा होडीघरात, उपड्या होडीखाली,
कपाळावर ओलं फडकं, डावा डोळा झाकून.

आम्ही भावंडं कुजबुजत वाढलो.
चमचा बशीत ठेवायचा तोही खाली बोट लावून.
शिंक आली तर धक्क्यापर्यंत पळायचं.
थोरला आसगेयर अजूनही फोनवर असा बोलतो
जणू पलीकडे कोणी झोपलंय.

आई वाळल्या कॉडची प्रतवारी करते.
एकेक मासा उचलायचा, उजेडाला धरायचा,
पोटापाशी नाक नेऊन हुंगायचं:
हा नेपल्सचा, हा जेनोआचा, हा कुठेच न जाणारा.
तिचं नाक चुकत नाही.
आणि तेच नाक तिचं वैरी.
कुणाच्या स्वेटरला डिझेल, कुणाचं नवं अत्तर,
की डोळ्यापुढे नागमोडी रेघ चमकायला लागते
आणि मग अर्धं डोकं तिचं राहत नाही.

डॉक्टर टूरिड मंगळवारी बोटीने येतात.
म्हणाल्या, एक अभ्यास चाललाय,
खाण्यातल्या तेलाने दुखण्याचे दिवस कमी होतात का.
काहींना माशाचं तेल, काहींना दुसरं कसलं तरी.
कोणाला काय, ते मलाही कळणार नाही.
"माशाचं?" आई म्हणाली,
"आमच्यात दुसरं आहे तरी काय?"
तरी सही केली.
महिन्याचे अकरा दिवस हरवत होते,
आणि वाट चुकलेल्याने वाट विचारायला लाजू नये.

पिवळ्या गोळ्या. लिंबाचा वास लावलेल्या,
ढेकरानेही फितुरी करू नये म्हणून.

तिसऱ्या संध्याकाळी मी भांडी पुसत होते.
आईने एक गोळी दाढेखाली फोडली,
डोळे मिटले, मासा हुंगताना मिटते तसे,
लिंबू बाजूला सारलं आणि आत शिरली.
"मासा नाही," म्हणाली.
"कसलं तरी झाड आहे. हिरवं.
घशाशी मिरीसारखं चावतंय."
मग माझ्याकडे बघून: "बोलायचं नाही कुठे."

अकराचे नऊ झाले. डिसेंबरात सहा.
पण डिसेंबरात इथे काळोखच असतो,
तो हिशेबात धरायचा की नाही?
फेब्रुवारीत बाबांनी जुनं इंजिन विकलं,
त्याचं काय?
एप्रिलच्या भर उजेडात सात.
डॉक्टर टूरिड म्हणायच्या "शक्य आहे"
आणि म्हणायच्या "आत्ताच सांगता येत नाही",
दोन वल्ह्यांसारखं, एकदा हे, एकदा ते,
आणि होडी तेवढ्यातच पुढे सरकायची.

मग पत्र आलं. आपण तुलनेच्या गटात होता.
आपल्याला दिलेलं तेल ऑलिव्हचं,
त्याने काही होणं अपेक्षित नव्हतं.
आई हसली. मोठ्याने.
आमच्या घरातला तो पहिला मोठा आवाज,
आसगेयर दचकून जिन्यात थांबला.

ऑगस्टात विचेन्झाचा तार्चिझिओ आला,
दरवर्षी येतो, मासे ठोकून बघतो, घासाघीस करतो.
आईने कधी नव्हे ते विचारलं:
तुम्ही आमच्या माशाचं करता तरी काय?
"आठवडाभर पाण्यात, बाई," तो म्हणाला,
"आणि मग ऑलिव्हच्या तेलात बुडवून मारतो, दुसऱ्यांदा."
आई गप्प राहिली.
इतकी वर्षं ती हुंगून हुंगून
मासे कुठे धाडत होती, आणि तिकडून कुणी काय,
असं काहीसं तिच्या तोंडावर आलं आणि गेलं.
पुढच्या खेपेला त्याने बाटली आणली.
तिने बूच काढलं, हुंगलं. "हेच," म्हणाली.

आता उकडलेल्या बटाट्यावर ती धार धरते,
बाबा तोंड वाकडं करतात, खातात.

पुन्हा जून आहे.
परवा ती होडीखाली गेली, काल बाहेर आली.
फडताळात अर्धी शिशी आहे.
अर्धी उरलेली की अर्धी संपलेली,
मी विचारलं नाही.
चमचा बशीत ठेवला,
खाली बोट लावून.